घरातला खटका आणि सरकारी नोंद

दिव्याचा बिघडलेला खटका बदलावयाचा झाल्यास त्याची वर्दी इमारत-नियंत्रण खात्याला द्यावी लागते काय? प्रश्न ऐकताच कोणासही हसू यावे. दोन स्क्रू, तीन तारा आणि दहा मिनिटांचे काम. त्यात सरकारचा संबंध कोठे येतो? तथापि इंग्लंड आणि वेल्समध्ये १ जानेवारी २००५ पासून हा प्रश्न गंभीरपणे विचारला जात आहे. त्या दिवशी तेथील इमारतविषयक नियमावलीत ‘पी’ या अक्षराने ओळखला जाणारा एक नवा भाग अमलात आला आणि घरातली वायरिंगची कामे इमारतीच्या कायद्याच्या कक्षेत आली. हा नियम आठ वर्षांनी इंग्लंडात सैल करण्यात आला. वेल्समध्ये मात्र तो बव्हंशी पूर्वीसारखाच राहिला. शासनाने नागरिकाच्या उंबरठ्याच्या आत किती पाऊल टाकावे, या जुन्या वादाचे इतके आटोपशीर उदाहरण क्वचितच सापडते.

प्रश्नाचे सरळ उत्तर आधी देणे बरे. खटका, प्लगचे सॉकेट, दिव्याचा होल्डर यांसारखी वस्तू बिघडली आणि तिच्या जागी तशीच दुसरी बसविली, तर इंग्लंडात त्याची सूचना कोणत्याही कचेरीस द्यावी लागत नाही. घराच्या कोणत्याही भागात हे काम असो, दुरुस्ती, देखभाल व बदली यांना सूचनेतून सूट आहे. परंतु या उत्तरातच एक बारकावा दडलेला आहे. सूट आहे ती कळविण्यातून. काम सुरक्षित करण्याच्या जबाबदारीतून कोणालाही सूट नाही. ‘पी’ भागाची मुख्य अट एवढीच आहे की, विजेची जोडणी वापरणाऱ्या, तिची देखभाल करणाऱ्या वा तीत बदल करणाऱ्या माणसाला आग आणि इजा यांपासून संरक्षण मिळेल, अशी वाजवी तजवीज आखणीत व उभारणीत असली पाहिजे. ही अट लहानमोठ्या सर्व कामांना लागू आहे. कळवावयाचे की नाही आणि नीट करावयाचे की नाही, हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत. त्यांची गल्लत झाल्यामुळेच या विषयावरील बरीचशी चर्चा भरकटत गेली.

नियम आला कसा?

वीज घरात आली तेव्हापासून तिच्या जोडणीचे तांत्रिक नियम ब्रिटनमध्ये आहेत. तारयंत्र व विद्युत अभियंत्यांच्या संस्थेने त्यांची पहिली आवृत्ती १८८२ साली काढली, आणि आज ब्रिटिश स्टँडर्ड ७६७१ या नावाने तेच नियम प्रचलित आहेत. पण हे नियम अभियंत्यांचे. कायद्याचे कलम या नात्याने ते घरमालकावर बंधनकारक नव्हते आणि आजही थेट तसे नाहीत. घरमालकाने स्वतः वायर ओढली, शेजाऱ्याकडून ओढून घेतली वा अर्धवट शिकलेल्या माणसाकडून काम उरकून घेतले, तरी इमारत-नियंत्रण खात्याला त्यात विचारण्याजोगे काही नसे. याउलट गॅसच्या बाबतीत मोबदला घेऊन काम करणाऱ्यावर नोंदणीचे बंधन केव्हाच आले होते.

वीजकाम भिंतीआड असते आणि त्यातील चूक वर्षानुवर्षे गप्प बसू शकते. याचा एक दारुण दाखला नियम अमलात येण्यापूर्वी काही महिने, २००४ साली, लोकांसमोर आला. लिबरल डेमोक्रॅट पक्षाच्या खासदार जेनी टाँग यांच्या कन्येचा आपल्याच घरातील स्वयंपाकघरात विजेच्या धक्क्याने मृत्यू झाला. भिंतीतून गेलेली वायर तिरपी टाकलेली होती. भांडी अडकविण्याच्या धातूच्या रॅकचा स्क्रू त्या वायरीपर्यंत पोचला आणि रॅकमध्ये वीज उतरली. वायर खटक्याच्या वा सॉकेटच्या सरळ रेषेत, उभी किंवा आडवी न्यावी, म्हणजे पुढे भिंतीत खिळा ठोकणाऱ्यास तिचा अंदाज बांधता येतो, असा साधा संकेत आहे. तो पाळला गेला नव्हता. रॅक बसविणे हे कोणत्याही अर्थाने वीजकाम नव्हते. चूक एकाची, निमित्त दुसऱ्याचे आणि मरण तिसऱ्याचे, असा हा प्रकार होता. घरातील वीज ही ‘ज्याचे घर त्याची जबाबदारी’ एवढ्यावर का सोपविता येत नाही, याचे याहून स्पष्ट उत्तर देता येणार नाही.

२००५ च्या नियमाने दोन वाटा दाखविल्या. त्या अशा: काम करणारा कारागीर एखाद्या मान्यताप्राप्त योजनेत नोंदलेला असेल, तर तो स्वतःच कामाचा दाखला देतो व तीस दिवसांच्या आत खात्याला परस्पर कळवितो. तसा कारागीर नसेल, तर घरमालकाने काम सुरू करण्यापूर्वी खात्याला सूचना द्यावयाची, शुल्क भरावयाचे आणि तपासणी करून घ्यावयाची. तिसरी वाट २०१३ मध्ये आली. नोंदणीकृत त्रयस्थ तपासनीसाकडून दाखला घेण्याची ती सोय. स्वतःच्या घरात स्वतः काम करण्यास कायद्याने कधीच बंदी केली नाही, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे. बंदी असल्याचा समज मात्र दूरवर पसरला.

किरकोळ म्हणजे काय?

कायद्यात ‘किरकोळ’ हा शब्द आणला की त्याची व्याख्या करावी लागते, आणि व्याख्येतच खरी कसोटी लागते. २००५ च्या नियमाने ही सीमा मुख्यत्वे जागेवरून आखली. स्वयंपाकघर, स्नानगृह आणि घराबाहेरील आवार येथे पाणी आणि वीज यांची गाठ पडते. म्हणून तेथे नवा सॉकेट वाढविणे हे कळविण्याजोगे काम ठरले. दिवाणखान्यात चालू जोडणीवर तोच सॉकेट वाढविला तर कळविण्याची गरज नव्हती. एकाच घरात, एकाच वायरीवर, एकाच कारागिराने केलेले तेच काम दाराच्या अलीकडे खासगी आणि पलीकडे सरकारी होऊ लागले. लहानशा कामासाठी खात्याचे शुल्क कारागिराच्या मजुरीहूनही अधिक भरे. परिणाम अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही सांगता यावा असाच होता. ज्याला नियम पाळण्याचा खर्च कामाच्या किमतीहून जास्त पडतो, तो बहुधा नियम टाळतो.

टाळण्याचे मार्गही उपलब्ध होते. ब्रिटनमध्ये घरातील वायरींचे रंग याच काळात बदलले. लाल व काळा जाऊन तपकिरी व निळा आला. ३१ मार्च २००४ पासून नवे रंग वापरण्याची मुभा होती आणि १ एप्रिल २००६ पासून ते सक्तीचे झाले. जुन्या रंगाच्या वायरीचे भेंडोळे शिल्लक असेल, तर केलेले काम नियमापूर्वीचे आहे असे भासविणे सोपे होते, आणि ही युक्ती त्या व्यवसायात सर्वांना ठाऊक होती. सुरक्षिततेसाठी केलेल्या नियमाने कामाची तारीख लपविण्याला उत्तेजन द्यावे, यात विनोद आहे आणि धोकाही आहे. २०१२ साली ब्रिटिश संसदेच्या एका समितीने घरगुती गॅस व वीजकामाच्या नियमांची पाहणी केली, तेव्हा ‘पी’ भागाची सामान्य लोकांना फारशी माहितीच नाही, ही गोष्ट ठळकपणे पुढे आली. जो नियम लोकांना ठाऊक नाही, तो पाळला जाण्याची अपेक्षा कोणत्या आधारावर करावयाची?

६ एप्रिल २०१३ पासून इंग्लंडने सीमारेषा नव्याने आखली. आता कळविण्याजोगी कामे तीनच: अगदी नवे स्वतंत्र सर्किट टाकणे, फ्यूजची मुख्य पेटी बदलणे, आणि स्नानगृहातील टबाजवळच्या किंवा शॉवरजवळच्या जागेत अथवा पोहण्याच्या तलावाच्या वा सॉनाच्या खोलीत चालू सर्किटमध्ये भर घालणे वा फेरफार करणे. स्नानगृहातील ही जागादेखील मापाने सांगितली आहे. जमिनीपासून २.२५ मीटर उंचीपर्यंत आणि टबाच्या कडेपासून ०.६ मीटर अंतरापर्यंत. स्वयंपाकघर या यादीतून गेले, बागेतला दिवाही गेला. त्यापूर्वी, २०११ च्या अखेरीस, इमारतविषयक नियमांचा अधिकार वेल्सकडे सोपविण्यात आला होता. वेल्सने इंग्लंडचे अनुकरण केले नाही. तेथे स्वयंपाकघरातील व आवारातील नवे काम आजही कळविण्याजोगेच आहे. म्हणजे कार्डिफच्या स्वयंपाकघरात जे नोंदवावे लागते, ते ब्रिस्टलच्या स्वयंपाकघरात नोंदवावे लागत नाही. स्कॉटलंडची व्यवस्था तर पूर्वीपासूनच निराळी आहे.

या फेरबदलातील तत्त्व महत्त्वाचे आहे. जुनी रेषा खोलीवरून काढलेली होती. नवी रेषा प्रामुख्याने कामाच्या स्वरूपावरून काढलेली आहे. नवे सर्किट टाकले की घरातील विजेचा एकूण भार आणि त्याची विभागणी बदलते. फ्यूजची पेटी बदलली की साऱ्या घराचे संरक्षण बदलते. मोटारीची बॅटरी भरण्यासाठी अलीकडे घरोघर बसणाऱ्या जोडण्यांना बहुधा स्वतंत्र सर्किट लागते, म्हणून त्याही या कक्षेत येतात. खटका बदलल्याने यांतले काहीच बदलत नाही. भेद येथे करावयाचा असतो.

न दिसणाऱ्या मालाचा बाजार

तथापि लहान काम म्हणजे निरुपद्रवी काम, असे समीकरण मांडणे चुकीचे होईल. ब्रिटिश घरांतील सॉकेटची जोडणी हे याचे उत्तम उदाहरण आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे मोठ्या प्रमाणावर घरे बांधावयाची होती आणि तांबे जपून वापरणे भाग होते. म्हणून पेटीतून निघालेली वायर साऱ्या सॉकेटना भेटून पुन्हा पेटीत परत येईल, अशी वर्तुळाकार पद्धत रूढ झाली. प्रत्येक सॉकेटला वीज दोन्ही बाजूंनी मिळते, त्यामुळे वायर तुलनेने बारीक असून चालते. या साऱ्या वर्तुळाला मिळून आज साधारणतः ३२ अँपिअरचे संरक्षण असते. समजा, एखाद्याने सॉकेट बदलताना वर्तुळाची एक तार नीट आवळली नाही. वर्तुळ तुटले. पण दिवा लागतो, किटली तापते, कपडे धुण्याचे यंत्र फिरते. बाहेरून काहीच कळत नाही. आता सारा भार एका बाजूने वाहू लागतो. ३२ अँपिअरपर्यंत संरक्षक खटका पडत नाही आणि भिंतीतली वायर मात्र आपल्या कुवतीबाहेर तापत राहते. हे काम कळविण्याजोगे नव्हते. तरीही त्यात आगीचे बीज राहून गेले. ते बीज सूचनेच्या कागदाने सापडले नसते, पाच मिनिटांच्या चाचणीने सापडले असते.

जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर लिहिलेला निबंध अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. पुढे २००१ साली नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. विकणाऱ्याला मालातील खोट ठाऊक असते, घेणाऱ्याला ती दिसत नाही. मग चांगल्या मालालाही वाईट मालाचा भाव येतो आणि चांगला माल बाजारातून हटू लागतो, असा त्या निबंधाचा आशय. भिंतीतली वायरिंग हा तर याहूनही अवघड माल आहे. मोटार निदान चालवून पाहता येते. येथे घर विकणाऱ्यालाही खोट ठाऊक असेल असे नाही. भाडेकरूला ती कळण्याची शक्यता त्याहून कमी, आणि वरच्या मजल्यावरील शेजाऱ्याला तर या व्यवहारात कोणी विचारीतच नाही. स्वस्तात उरकलेल्या कामाचा लाभ एकाचा आणि त्याची जोखीम पुढच्या दहांची, अशी ही विभागणी असते. शासनाला हस्तक्षेपाचा अधिकार येथून मिळतो. घरमालकाला त्याच्या स्वतःच्या अजाणतेपणापासून वाचविणे हा त्या अधिकाराचा दुय्यम भाग आहे. जो माणूस त्या वेळी घरात नव्हता आणि उद्या येणार आहे, त्याच्या वतीने कोणीतरी विचारणा करणे हा मुख्य भाग आहे.

‘पी’ भागाची अंमलबजावणीही याच दिशेने घडत गेली, हे पाहण्यासारखे आहे. घरोघर फिरून खटके मोजणारा अधिकारी कोठेही नसतो. हा नियम खऱ्या अर्थाने जागा होतो तो घर विकताना. विक्रेत्याने भरून द्यावयाच्या माहितीपत्रकात, १ जानेवारी २००५ नंतर घरात विजेचे काम झाले आहे काय आणि झाले असल्यास त्याचा दाखला कोठे आहे, अशी विचारणा असते. दाखला नसेल तर खरेदीदाराचा वकील अडून बसतो. शिक्षण वा नोकरीनिमित्त इंग्लंडात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही घर घेताना या पत्रकाशी गाठ पडते. पुष्कळदा यावर तोडगा निघतो तो विम्याचा. थोडा हप्ता भरून, स्थानिक संस्थेने पुढे कारवाई केल्यास होणाऱ्या खर्चाची हमी घेतली जाते. विकणारा सुटतो, घेणारा निश्चिंत होतो, दोघांचे वकील सही करतात. आणि भिंतीतली वायर होती तशीच राहते. विम्याने कागदाचा धोका भरून निघतो, विजेचा नव्हे. नियमाचे साध्य हरवून त्याचे साधनच कसे उरते, याचा हा नमुना आहे. २०२२ च्या इमारत सुरक्षा कायद्याने इंग्लंडात नियमबाह्य काम काढून टाकण्याची नोटीस देण्याची मुदत एका वर्षावरून दहा वर्षांवर नेली आहे. त्यामुळे दाखल्याचे मोल वाढेल. पण दाखला म्हणजे सुरक्षितता, हा भ्रमही त्याबरोबर वाढू नये.

स्वयं-दाखल्याच्या पद्धतीवरही आक्षेप आहेत आणि ते सर्वस्वी निराधार नाहीत. योजनेत नोंदणी होते ती सामान्यतः व्यवसायाची. त्या व्यवसायातील एक जाणता पर्यवेक्षक साऱ्या कामांची ग्वाही देतो आणि प्रत्यक्ष हात चालतो तो दुसऱ्याचाच. वार्षिक वर्गणी, तपासणी आणि कागदपत्रे यांचा भार एकट्याने काम करणाऱ्या लहान कारागिराला जड जातो. मोठ्या संस्थेला तो जाणवतही नाही. नियमनाचा खर्च नेहमी लहानावर अधिक पडतो आणि त्यामुळे ते पुष्कळदा प्रस्थापितांचे कुंपण बनते, ही तक्रार जगभर ऐकू येते. तथापि या पद्धतीला पर्याय म्हणून प्रत्येक काम सरकारी निरीक्षकाने पाहावयाचे ठरविले, तर निरीक्षकांची फौज उभारावी लागेल आणि खटका बदलण्यासाठी महिना थांबावे लागेल. दोहोंतील कमी वाईट कोणते, हे सांगणे कठीण नाही.

भारतातील कलम

हा सारा प्रपंच परदेशाचा म्हणून सोडून देण्याजोगा नाही, कारण हीच रेषा भारताच्या कायद्यातही आहे आणि ती इंग्लंडच्या रेषेहून पुष्कळ जुनी आहे. भारतीय विद्युत नियमावली, १९५६ मधील ४५ व्या नियमाने घरातील जोडणीचे काम, त्यातील भर, फेरफार व दुरुस्ती यांसह, राज्य शासनाचा परवाना असलेल्या ठेकेदारानेच आणि सक्षमतेचे प्रमाणपत्र असलेल्या व्यक्तीच्या देखरेखीखालीच करावे असे ठरविले. मात्र दिवे, पंखे, फ्यूज, खटके, घरगुती उपकरणे व फिटिंग यांची बदली त्यातून वगळली. त्यासाठी अट एकच: बदलीमुळे जोडणीची क्षमता वा स्वरूप कोणत्याही प्रकारे बदलू नये. २०१० व २०२३ सालच्या नव्या विनियमांतही हाच आशय चालत आलेला आहे. इंग्लंडने खोल्यांची यादी करून पाहिली, आठ वर्षांनी ती बरीचशी पुसली आणि अखेर ‘क्षमता व स्वरूप’ या कसोटीच्या जवळ तो देश आला. ती कसोटी भारतीय नियमात अर्धशतकापूर्वीच लिहिलेली होती.

अर्थात, लिहिलेली असणे आणि चालत असणे यांत अंतर आहे. भारतातील नियम माणसाच्या हातावर बंधन घालतो, इंग्लंडचा नियम झालेल्या कामाची नोंद मागतो. कागदावर पाहता भारताचा नियम अधिक कडक आहे. तेथे घरमालकाला स्वतःच्या घरात काम करण्याची मोकळीक आहे, येथे परवान्यावाचून साधी भरही घालता येत नाही. व्यवहारात महाराष्ट्रातील नव्या वीजजोडणीच्या अर्जासोबत परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी-अहवाल लागतो. त्यानंतर मात्र त्या घरात वीस-पंचवीस वर्षे कोणी काय केले, याची नोंद कोठेही राहत नाही. दोन खोल्यांसाठी आखलेल्या वायरीवर पुढे पाणी तापविण्याचा गीझर येतो, वातानुकूलन यंत्र येते, मिक्सर आणि धुण्याचे यंत्र येते. नाक्यावरचा वायरमन येऊन जातो. तो पुष्कळदा हाताचा कुशल असतो, पण त्याच्या कामावर कोणाची सही नसते. फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्यात जाड तार घातली जाते. ही तार घालणाऱ्यास आपण ‘फ्यूज बदलला’ असेच वाटते. वास्तविक त्याने त्या घराचे संरक्षण काढून टाकलेले असते. क्षमता आणि स्वरूप बदलल्याचे याहून ढळढळीत उदाहरण नाही, आणि त्याइतके किरकोळ दिसणारे कामही दुसरे नाही.

१९५६ च्या त्याच नियमावलीतील ४६ व्या नियमाने चालू जोडण्यांची दर पाच वर्षांच्या आत तपासणी व्हावी असे म्हटले होते. सर्वसाधारण कुटुंबाच्या स्मरणात अशी तपासणी क्वचितच असेल. विशेष म्हणजे इंग्लंडनेही २०२० साली भाड्याच्या घरांसाठी नेमका हाच काळ ठरविला. खासगी घरमालकाने किमान दर पाच वर्षांनी आपल्या घरातील वीजजोडणी जाणत्या व्यक्तीकडून तपासून घ्यावी, अहवालाची प्रत भाडेकरूस द्यावी आणि दोष निघाल्यास ते दूर करावेत, असे ते नियम सांगतात. नव्या भाडेकरारांना ते १ जुलै २०२० पासून आणि जुन्यांना १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले.

नोंद कशाची हवी?

या दोन्ही देशांच्या अनुभवातून एक निष्कर्ष पुरेशा स्पष्टतेने निघतो. प्रत्येक लहान कृतीची वर्दी मागणारा नियम लोक पाळीत नाहीत. तो पाळला जात नाही म्हणून मोठ्या कामाची वर्दीही मागे पडते आणि अखेर नियमाविषयीचा आदरच ओसरतो. खटका, होल्डर, सॉकेट यांची जशास तशी बदली कळविण्यातून वगळणे हे म्हणूनच शहाणपणाचे आहे, आणि इंग्लंडने २०१३ साली केलेली कपात योग्य दिशेची होती. वेल्सची सावधगिरी समजण्यासारखी आहे. स्वयंपाकघरात पाणी असते हे कोणी नाकारीत नाही. पण कळविले न जाणारे काम स्वयंपाकघरात झाले तर सावधगिरीचा उपयोग काय, या प्रश्नाचे उत्तर तीत मिळत नाही.

दुसऱ्या बाजूने, कळवावयाचे नाही म्हणजे विचार करावयाचा नाही, ही समजूत तितकीच घातक आहे. काम कितीही लहान असो, मुख्य वीज बंद केली काय, तारा घट्ट आवळल्या काय, अर्थिंगची तार जागेवर आहे काय आणि काम झाल्यावर चाचणी केली काय, हे प्रश्न कोणत्याही खात्याने विचारले नाहीत तरी विचारावेच लागतात. यंत्रानेही येथे कायद्याला हात दिला आहे. गळणारी वीज क्षणार्धात तोडणारा ३० मिलिअँपिअरचा संरक्षक खटका ब्रिटनमध्ये २००८ पासून सर्वसाधारण सॉकेटसाठी आणि भिंतीत कमी खोलीवर पुरलेल्या वायरींसाठी जवळजवळ सर्वत्र आवश्यक ठरला. रॅकचा स्क्रू वायरीत घुसण्याचा प्रसंग उद्याही येईल. असा खटका असेल तर त्याची परिणती मृत्यूत होण्याचा संभव फार कमी होईल. एका कुटुंबाने हे उपकरण बसवून घेतले तर त्याचा लाभ पुढील प्रत्येक रहिवाशाला मिळतो, मग तो नियमावली वाचणारा असो वा नसो.

तेव्हा नोंद हवी, पण ती कृतीची असण्यापेक्षा स्थितीची असावी. कोणी कोणता सॉकेट केव्हा बदलला यापेक्षा या घरातील वीज आज सुरक्षित आहे काय, हे पुढच्या माणसाला समजणे अधिक मोलाचे आहे. ठराविक मुदतीने तपासणी, तिचा साध्या भाषेतील अहवाल, आणि घर विकताना वा भाड्याने देताना तो हाती देण्याची सक्ती, एवढे झाले तर किरकोळ दुरुस्तीची वर्दी मागण्याचे कारण उरत नाही. यासाठी खर्च येईल हे खरे. परंतु तो खर्च पाच वर्षांतून एकदाचा आहे, आणि तो टाळल्यास जी किंमत मोजावी लागते ती पुष्कळदा तिऱ्हाइताच्या माथी पडते. महाराष्ट्रातील शहरांत आज हजारो जुन्या चाळी आणि सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या इमारती अशा आहेत, की जेथे वायरिंगचे वय रहिवाशांनाही सांगता येणार नाही. खटका बदलताना परवानगी मागावी काय, हा प्रश्न तेथे कोणी विचारीत नाही, आणि विचारण्याचे कारणही नाही. या भिंतीत काय आहे ते शेवटचे कोणी आणि केव्हा पाहिले, हा प्रश्न मात्र प्रत्येक संस्थेच्या वार्षिक सभेत विचारला गेला पाहिजे.